तीन मिनिटं, तेरा हालचाली, एक पियानो : जपानचं रेडिओ तायसो

(हे या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा. पण मधल्या एका टप्प्यावर तुम्हाला उभं राहावं लागणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.)

 

आजचा विषय जपानचा आहे. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. मला माहीत आहे, तुमच्या फीडमध्ये 'जपानी लोकांच्या दीर्घायुष्याचं रहस्य' या नावाने आठवड्याला दोन-तीन रील तरी येत असणार. कधी चालायची जपानी पद्धत, कधी पोट पूर्ण भरायच्या आधी ताटावरून उठणं, कधी इकिगाई. प्रत्येक रीलमध्ये कुणीतरी हळू आवाजात काहीतरी गुपित सांगत असतं.

आजच्या गोष्टीत गुपित काहीही नाही. जपानमध्ये शाळेत गेलेल्या जवळपास प्रत्येकाला ही गोष्ट पाठ असते. ती रोज सकाळी सरळ रेडिओवर लागते. आणि तिची मूळ कल्पना जपानची नाहीच, एका अमेरिकन विमा कंपनीची आहे!

तिचं नाव रेडिओ तायसो. तायसो म्हणजे व्यायाम, कवायत. म्हणजे 'रेडिओवरची कवायत', बस्स.

मला हा विषय घ्यावासा वाटला त्याचं कारण साधं आहे. आपण सगळे कानाची माणसं. बसमध्ये, भांडी घासताना, कोड बिल्ड होईपर्यंत आपल्या कानात काहीतरी चालू असतं. आणि इथे एक अख्खा देश जवळजवळ शंभर वर्षं नुसतं ऐकून व्यायाम करतोय. स्क्रीन नाही, ॲप नाही, स्ट्रीक नाही. हे चालतं कसं, आणि त्यातलं आपण काय घ्यावं नि काय सोडावं, हे आज बघू.

आधी, हे आहे काय

जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचके. तिच्या रेडिओवर सकाळी साडेसहाला दहा मिनिटांचा कार्यक्रम असतो. एक गाणं, थोडी मान मोकळी करणं, शिवाय 'क्रमांक एक' आणि 'क्रमांक दोन' असे दोन व्यायामसंच. क्रमांक एक सगळ्यांना जमेल असा, क्रमांक दोन जरा जोरकस. आज आपण बोलणार ते क्रमांक एकबद्दल. त्यात तेरा हालचाली आहेत आणि वेळ लागतो साधारण तीन मिनिटं.

आवाज फक्त दोन. एक निवेदकाचा, एक पियानोचा. निवेदक पुढची हालचाल सांगतो आणि आकडे मोजतो : इची, नी, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची. आपल्या शाळेतल्या 'एक-दोन-तीन-चार, पाच-सहा-सात-आठ'सारखंच, आठाचं आवर्तन.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान मुलं गल्लीतल्या बागेत किंवा शाळेच्या मैदानावर यासाठी जमतात. गळ्यात एक कार्ड असतं. आलात की त्यावर शिक्का. सुट्टी संपताना कार्ड भरलेलं दाखवलं की वही-पेन्सिल किंवा खाऊ असं छोटंसं बक्षीस. बऱ्याच कारखान्यांत आणि बांधकामाच्या साइटवर कामाला सुरुवात करण्याआधी सगळे हेच करतात. आणि बागांमध्ये सकाळी रेडिओभोवती आजी-आजोबा जमतात, वर्षानुवर्षं, तीच माणसं.

आपल्याकडेही याची सावली पोहोचली आहे. मारुती-सुझुकीच्या गुडगावच्या कारखान्यात शिफ्ट सुरू होण्याआधी काही मिनिटं व्यायाम करायची पद्धत सुझुकीच्या लोकांनी आणली, ती याच जपानी कारखाना-संस्कृतीतून. पुण्यात जपानी क्लायंटबरोबर काम करणाऱ्यांनाही हे ऐकून-पाहून माहीत असतं. मलाही पहिल्यांदा ते तसंच कळलं, एका प्रोजेक्टमधल्या जपानी सहकाऱ्याकडून.

विमा कंपनीला तुमच्या कंबरेशी काय देणंघेणं?

आता थोडा इतिहास, कारण तो खरंच मजेशीर आहे.

१९२५ साली अमेरिकेत मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने रेडिओवर सकाळचा व्यायाम सुरू केला. विमा कंपनीने का? हिशोब बघा. आयुर्विमा घेतलेला माणूस जितकी वर्षं जास्त जगेल तितकी वर्षं तो हप्ते भरेल, आणि कंपनीला पैसे द्यावे लागतील ते तितके उशिरा. म्हणजे तुमची तब्येत हा त्यांच्या ताळेबंदातला आकडा आहे. वाईट अर्थाने नाही म्हणत. पण 'आरोग्यासाठी' म्हणून जे काही फुकट मिळतं, त्यामागे कुणाचा हिशोब आहे हे बघायची सवय चांगली.

त्या काळी जपानमध्येही पोस्टामार्फत साधा, स्वस्त आयुर्विमा मिळायचा. तो १९१६ साली सुरू झाला होता. त्या खात्यातल्या अधिकाऱ्यांनी अमेरिकेतला हा प्रयोग पाहिला आणि तो घरी आणला. १ नोव्हेंबर १९२८ रोजी पहिलं प्रसारण झालं. निमित्त होतं सम्राट हिरोहितो यांच्या राज्यारोहण सोहळ्याचं.

आता अडचण अशी, की रेडिओवर चित्र दिसत नाही. 'हात बाजूने वर' म्हणजे नेमका कसा? मग पोस्टाचं जाळं कामी आलं. चित्रांची पत्रकं छापली गेली, आणि पोस्टाची माणसं लोकांना हालचाली शिकवू लागली. विचार करा, पत्र टाकायला आलेले पोस्टमनकाका अंगणात उभं राहून हात फिरवून दाखवतायत. आजच्या भाषेत रेडिओ हा सर्व्हर आणि पोस्टमन हा इन्स्टॉलर.

दोनच वर्षांनी, १९३० मध्ये, टोकियोच्या कांदा भागात सकाळी लवकर उठून एकत्र तायसो करायचे मेळावे सुरू झाले. मुलांच्या सुट्टीतल्या त्या शिक्क्यांच्या कार्डाची परंपरा तिथून पुढे आली.

आणि मग जे झालं ते

इथवर सगळं छान आहे. पण इथेच थांबले तर हा भागही त्या रीलसारखाच होईल.

लाखो लोक एकाच मिनिटाला, एकाच आवाजावर, एकच हालचाल करतायत. सरकारला याहून सोयीचं काय असणार? १९३०च्या दशकात जपान युद्धाकडे झुकत गेला तसं तायसोही बदललं. 'तुमची तब्येत' हा मुद्दा मागे पडला आणि 'राष्ट्राला लागणारं शरीर' हा मुद्दा पुढे आला. मेळाव्यांमध्ये झेंडावंदन आलं, राजवाड्याच्या दिशेने वाकून वंदन आलं. जपानच्या ताब्यात असलेल्या तैवानमध्ये आणि कोरियातही ते नेलं गेलं. तिथल्या माणसासाठी हा सकाळचा व्यायाम नव्हता. परक्या सत्तेच्या भाषेत मोजले जाणारे आकडे होते.

युद्ध संपल्यावर नवा संच करून पाहिला गेला, पण तो टिकला नाही. अमेरिकेच्या ताब्याचा काळ होता, आणि अशा सामूहिक कवायतीकडे संशयाने बघितलं जात होतं. १९४७ मध्ये ते बंद पडलं.

मग १९५१ मध्ये आजचा क्रमांक एक आला. नव्या हालचाली, तादाशी हात्तोरी यांचं नवं संगीत. पुढच्या वर्षी क्रमांक दोन, त्याचं संगीत इकुमा दान यांचं. सूरच बदलला होता. शिपायाच्या कवायतीऐवजी घरातल्या कुणालाही जमेल असं काहीतरी. १९९९ मध्ये वयस्कर लोकांना आणि अपंगांनाही करता येईल असा आणखी सौम्य संच आला. खुर्चीत बसून करायच्या पद्धतीही आहेत.

हे मी मुद्दाम सांगतेय. 'सगळे एकत्र, एकाच वेळी' ही तायसोची ताकद आहे, आणि त्याच्या वाईट काळाचं मूळही तेच आहे. हालचाल तीच असते. फरक पडतो तो तुम्हाला न येण्याची मुभा आहे की नाही यावर. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

आता उभे राहा

चला. फोन टेबलावर ठेवा. दोन्ही हात पसरले तर कशाला लागणार नाहीत एवढी जागा बघा. चप्पल काढा किंवा बूट घाला, मोज्यांवर नको, पाय घसरतो.

एक. हात समोरून वर, डोक्यावर ताणा, मग बाजूने खाली. सकाळी आळस देतो ना, तोच, फक्त तालात.

दोन. हात समोर एकमेकांवरून झुलवत न्या आणि बाहेर सोडा, त्याच वेळी टाचा उचला, गुडघे थोडे वाका, सरळ करा. पिंढऱ्या जाग्या होतात.

तीन. हात गोल फिरवा, आतून बाहेर, मग बाहेरून आत. खांदा फिरतोय ना बघा, नुसता कोपर नको.

चार. पाय थोडे फाका. हात बाजूला झुलवा, मग तिरके वर उघडा आणि छाती पुढे काढा. लॅपटॉपवाल्यांनो, दिवसभर आपण नेमकं याच्या उलट बसलेलो असतो.

पाच. एक हात डोक्यावरून घेऊन कमरेतून बाजूला वाका. दोन्हीकडे.

सहा. पुढे वाका, अंग सैल सोडून. मग वर येऊन हात कमरेवर ठेवा आणि थोडं मागे. पाठीचा त्रास असेल तर अर्धंच वाका, हिसका नको.

सात. कमरेतून डावीकडे-उजवीकडे वळा, हात सैल. आधी छोटं, मग मोठं.

आठ. हात खांद्याशी, तिथून सरळ वर, परत खांद्याशी, मग खाली. हे झटक्यात करायचं. अख्ख्या संचात ताकदीचा भाग हाच.

नऊ. तिरकं खाली, एका पायाच्या दिशेने वाका, वर या, छाती उघडा. मग दुसरी बाजू.

दहा. कमरेतून मोठं वर्तुळ, हात सोबत न्यायचे. सावकाश. चक्कर येत असेल तर सोडून द्या.

अकरा. उड्या. दोन्ही पायांनी, हलक्या. खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर नुसत्या टाचा उचला.

बारा. दुसरी हालचाल पुन्हा. श्वास खाली आणायला.

तेरा. हात वर नेत खोल श्वास, खाली आणत सोडा. संपलं.

आता यातली रचना बघा, मला इंजिनियर म्हणून ती फार आवडते. सुरुवात ताणाने, मग हात-पाय, मग छाती, मग कणा चारही बाजूंना, मग उड्या, मग परत शांत. धाप लागते ती शेवटाकडे, आणि तिच्यानंतर उतरायला दोन हालचाली ठेवलेल्या आहेत. निवेदक पुढच्या हालचालीचं नाव आधीची संपता संपता सांगतो, म्हणजे मेंदूला तयारीला क्षणभर मिळतो आणि शरीर थांबत नाही. आणि पियानो नुसती साथ करत नाही. हात वर जाताना सूर वर चढतात, उड्यांना तो स्वतः उड्या मारतो. काही दिवसांनी शब्द ऐकूच येत नाहीत, पियानोच अंग हलवतो. जपानी न येणाऱ्यालाही हे जमतं ते यामुळे.

मनाचं काय?

आता इथे मी जपून बोलणार आहे. तीन मिनिटांत नैराश्य जातं, चिंता पळते, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मन खरंच जड झालं असेल, झोप-भूक उडाली असेल तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायचं, पियानोकडे नाही.

मग मिळतं काय? मला दोन गोष्टी दिसतात.

पहिली, निर्णय वाचतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा व्यायाम निवडीतच संपतो. कोणता व्हिडिओ, कोणतं ॲप, वीस मिनिटांचा की तीसचा, मॅट कुठे आहे. तायसोत निवड नाही. तेच संगीत, त्याच तेरा हालचाली, तीच वेळ. आमच्या भाषेत तो क्रॉन जॉब आहे. एकदा लावला की रोज ठरल्या वेळी चालतो, मूड विचारत नाही. आणि दिवसाची पहिली गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली की उरलेल्या दिवसाकडे बघायची नजर थोडी बदलते. थोडीच, पण बदलते.

दुसरी गोष्ट मला आईमुळे कळली. आई मिरजेला एकटी असते, मी पुण्यात. मागच्या पावसाळ्यापासून आम्ही दोघी सकाळी सातला व्हिडिओ कॉल लावून तायसो करतो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "अगं, हा बाबा काय बोलतोय ते कळत नाही, पण पेटी छान वाजवतो." पियानो म्हटलं तरी तिच्यासाठी ती पेटीच. उड्या ती मारत नाही. त्या वेळात मला नळाला पाणी आलं की नाही ते सांगते.

एरवी आमचे फोन कसे व्हायचे? "जेवलीस का?" "हो. तू?" "हो." संपलं. आता बोलणं कमीच होतं, पण तीन मिनिटं आम्ही एकच काम करत असतो.

एक दिवस सातला तिचा कॉल आला नाही. सव्वासातला मीच केला. रात्रीपासून ताप होता. "तुला कशाला उगाच सांगायचं, तुझं ऑफिस असतं," म्हणून गप्प बसली होती. शेजारच्या काकूंना फोन केला, त्या तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. साधाच ताप होता, चार दिवसांत उतरला. पण एरवी मला तो उतरल्यावरच कळला असता.

जपानमधल्या त्या बागेत रोज जमणाऱ्या आजोबांना सांधे मोकळे होण्याइतकीच ही गोष्टही मिळत असणार. एक दिवस आपण दिसलो नाही तर कुणीतरी विचारेल, ही खात्री. शिक्क्याचं कार्ड मुलांसाठी असतं, पण हजेरी घेतली जावी असं मोठ्यांनाही वाटतं.

काय होत नाही, तेही ऐका

आकडेमोड करू. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, शिवाय आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताकद देणारा. तायसो रोज तीन मिनिटं म्हणजे आठवड्याला एकवीस. एकशे पन्नासला ते पुरत नाही. ताकद तर फारशी वाढतच नाही. म्हणजे चालणं, पळणं, जिम, सूर्यनमस्कार, जे करत असाल ते सोडू नका. तायसो हे दार आहे, घर नाही.

पाठीचं ऑपरेशन झालं असेल, चक्कर येत असेल, गरोदर असाल, रक्तदाब ताब्यात नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि वाकण्याच्या हालचाली कमी करा. ताण जाणवणं ठीक, कळ आली की थांबायचं.

सुरू कसं करायचं

जपानच्या साडेसहाला आपल्याकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात, त्यामुळे थेट प्रसारण विसरा. यूट्यूबवर 'रेडिओ तायसो' शोधलं की रेकॉर्डिंग मिळतात. जपानच्या पोस्टाच्या विमा कंपनीच्या वेबसाइटवरही आहे. हो, शंभर वर्षांनी तो विमा अजून व्यायाम शिकवतोच आहे!

पहिले तीन-चार दिवस व्हिडिओ बघून करा. मग फोन उलटा ठेवा आणि नुसतं ऐका. खरी मजा तिथे सुरू होते.

वेळ एकच ठरवा. जमलं तर एक माणूस सोबत घ्या : रूममेट, आई-बाबा, दुसऱ्या शहरातला मित्र. ऑफिसात करायचं असेल तर जरूर करा, पण मघाशी सांगितलेलं वाक्य आठवा. मॅनेजरने कॅलेंडरवर टाकलेलं, हजेरी लागणारं, कॅमेरा चालू ठेवायला लावणारं तायसो हे वेगळं प्रकरण आहे. बोलवा सगळ्यांना. जो आला नाही त्याची चौकशी करा, नोंद करू नका. चौकशी आणि नोंद यांत काय फरक असतो ते आपल्या सगळ्यांना बरोबर कळतं.

तर मंडळी, आजच्यासाठी एवढंच. भाग आवडला तर अशा एकाला पाठवा, ज्याच्याशी बोलायला तुमच्याकडे 'जेवलास का'पलीकडे काही उरलेलं नाही. आणि उद्या सकाळी सातला आम्ही दोघी असूच. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.